मॉनिटरवरची पट्टी कोणत्या क्रमाने वाचावी, म्हणजे जीवघेणी लय नजरेतून सुटणार नाही?

प्रश्न: नवी परिचारिका, हृदयरोग अतिदक्षता विभाग

नमस्कार. हृदयरोग अतिदक्षता विभागात मी अलीकडेच रुजू झाले आहे. प्रशिक्षणात हृदयाच्या लयबिघाडांच्या ईसीजी पट्ट्या (हृदयाच्या विद्युत क्रियेचे आलेख) आम्हाला एकेक करून शिकवल्या होत्या आणि कागदावर छापलेली सुटी पट्टी समोर आली, तर तिचे नाव मी बहुतेक वेळा बरोबर सांगते. खाटेजवळ मात्र मॉनिटरचा गजर वाजत असतो, लय पडद्यावरून सरकत असते, रुग्ण घाबरलेला असतो आणि अशा वेळी आठवणीतल्या चित्राशी समोरची रेषा जुळवत बसणे मला पुरेसे विश्वासार्ह वाटत नाही.

म्हणून अनुभवी मंडळींना विनंती, की लयीचे नाव ठरवण्याआधी आपण पट्टीत काय काय आणि कोणत्या क्रमाने पाहता, ते सविस्तर लिहावे. तीन ठिकाणी माझा विशेष गोंधळ होतो. रुंद क्यूआरएसची (खालचे कप्पे उद्दीपित होताना उमटणारी टोकदार लाट) वेगवान लय दिसली, की ती व्हीटी (खालच्या कप्प्यांतून उठणारी वेगवान लय) आहे की बंडल ब्रांच ब्लॉक (खाली जाणाऱ्या एका विद्युत वाटेतला अडथळा) असलेली एसव्हीटी (खालच्या कप्प्यांच्या वर उगम असलेली वेगवान लय), हे कसे ओळखावे? मंद लयींपैकी कोणती लय डॉक्टरांना तातडीने बोलावण्याजोगी आणि कोणती नुसती लक्ष ठेवण्याजोगी? आणि रुग्णाच्या हालचालीमुळे उमटलेल्या खोट्या लाटा खऱ्या व्हीटी किंवा व्हीएफपासून (खालच्या कप्प्यांची निव्वळ थरथर) वेगळ्या कशा काढाव्यात?

उत्तर: आपत्कालीन विभागातील डॉक्टर

पहिली नजर पट्टीकडे नव्हे, रुग्णाकडे गेली पाहिजे. हाक मारल्यावर तो प्रतिसाद देतो का, श्वास नीट चालू आहे का आणि मानेतली नाडी लागते का, हे पाहायला दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ घेऊ नये. नाडी लागत नसेल, तर त्या क्षणी पट्टीला एकच प्रश्न विचारायचा असतो: ही लय शॉक देण्याजोगी आहे की नाही? व्हीएफ आणि नाडी नसलेली व्हीटी यांना शॉक द्यायचा. एसिस्टोली (विद्युत क्रियाच थांबलेली, सरळ रेषा) आणि पीईए (विद्युत लय आहे, पण नाडी नाही) यांत शॉकचा उपयोग नसतो, तेथे छातीवरचे दाब, ॲड्रेनॅलिन आणि मूळ कारणाचा शोध एवढेच मार्ग उरतात. पीईएमध्ये पडद्यावर अगदी नीटनेटकी लय दिसू शकते आणि तरीही हृदय रक्त पुढे ढकलत नसते. मॉनिटर विद्युत क्रिया दाखवतो, रक्ताभिसरण दाखवत नाही, ही गोष्ट या लयीइतकी स्पष्टपणे दुसरीकडे कुठेही दिसत नाही.

सरळ रेषा दिसली, तर छातीवर दाब देणे चालू ठेवूनच दोन-तीन गोष्टी तपासाव्यात: इलेक्ट्रोड सुटला आहे का, पडद्यावरचा गेन (लाटांची उंची ठरवणारी मांडणी) कमी ठेवलेला आहे का आणि दुसऱ्या लीडमध्येही (वेगळ्या कोनातून घेतलेल्या नोंदीतही) रेषा सरळच आहे का. बारीक लाटांची व्हीएफ एका लीडमध्ये जवळपास सपाट भासू शकते.

नाडी लागत असेल, तर पुढचा प्रश्न असा, की ही लय रुग्णाला सोसत आहे का. रक्तदाब घसरणे, शुद्ध हरपू लागणे किंवा गोंधळलेले बोलणे, थंड घामेजलेली त्वचा, छातीत दुखणे आणि फुफ्फुसांत पाणी साठून धाप लागणे, यांपैकी एखादे लक्षण असेल आणि ते वेगामुळेच झाले असावे असे वाटत असेल, तर लयीचे नेमके नाव शोधत थांबायचे नसते. सिंक्रोनाइज्ड, म्हणजे ठोक्याशी जुळवून दिलेल्या, शॉकची तयारी करायची असते. येथे वेगाचा विचार अवश्य करावा. ठोके मिनिटाला 150 पेक्षा कमी असतील, तर प्रौढ रुग्णाची ढासळलेली प्रकृती बहुधा लयीमुळे नसून दुसऱ्याच कारणामुळे असते आणि वेग हा त्या कारणाचा परिणाम असतो. रक्तस्राव, जंतुसंसर्ग किंवा ताप असलेल्या रुग्णाची सायनस टॅकिकार्डिया (हृदयाच्या नैसर्गिक केंद्रातूनच येणारी वेगवान लय) शॉक देऊन बरी होत नाही.

रुग्ण स्थिर असेल तेव्हाच सावकाश वाचनाला वेळ मिळतो आणि तेव्हा मी चार गोष्टी याच क्रमाने पाहतो: वेग, नियमितपणा, क्यूआरएसची रुंदी आणि पी लाटेचे (वरच्या कप्प्यांच्या उद्दीपनाची लाट) क्यूआरएसशी नाते. कागद सेकंदाला 25 मिलिमीटर वेगाने सरकत असेल, तर लहान चौकोन 0.04 सेकंदाचा आणि मोठा 0.2 सेकंदाचा असतो. दोन आर लाटांमधील (क्यूआरएसची वर जाणारी टोके) मोठे चौकोन मोजून 300 ला त्या संख्येने भागले, की वेग मिळतो. लय अनियमित असेल, तर हा हिशेब फसवा ठरतो. तेव्हा दहा सेकंदांच्या पट्टीतले क्यूआरएस मोजून सहाने गुणावे. नियमितपणा डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नये, कारण वेग 170-180 च्या पुढे गेला, की एट्रियल फिब्रिलेशनही (वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर) नियमित भासू लागते. कागदाच्या कडेवर तीन आर लाटांच्या खुणा करून तो कागद पुढे सरकवून पाहावा.

क्यूआरएस तीन लहान चौकोनांपेक्षा, म्हणजे 0.12 सेकंदापेक्षा, अरुंद असेल, तर विद्युत लहर नेहमीच्या वाटेने खाली येत आहे आणि बिघाडाचे मूळ वरच्या कप्प्यांत किंवा एव्ही नोडजवळ (वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधला विद्युत दुवा) आहे, असे धरून पुढे जाता येते. अरुंद, नियमित आणि जवळजवळ 150 च्या वेगावर अडून बसलेली लय दिसली, की एट्रियल फ्लटरचा विचार अवश्य मनात आणावा. फ्लटरमध्ये वरचे कप्पे मिनिटाला सुमारे 300 वेळा उद्दीपित होतात आणि त्यांतली दर दुसरी लहर खाली पोहोचते. सायनस टॅकिकार्डियाचा वेग ताप, वेदना आणि हालचाल यांप्रमाणे थोडा वरखाली होत राहतो; फ्लटरचा वेग रुग्ण शांत झोपला तरी तसाच राहतो. रुंद क्यूआरएसचा विषय मोठा आहे, तो हृदयरोगतज्ज्ञांनी मांडावा.

उत्तर: हृदयरोगतज्ज्ञ

वरील क्रमाशी मी पूर्ण सहमत आहे. रुंद क्यूआरएसबद्दल मात्र मी अधिक आग्रहाने लिहिणार आहे, कारण सर्वाधिक नुकसान याच ठिकाणी होते.

रुंद क्यूआरएसची, नियमित, वेगवान लय ही उलट पुरावा मिळेपर्यंत व्हीटीच समजावी. यामागे निव्वळ सावधगिरी नाही. अशा लयींपैकी बहुसंख्य खरोखरच व्हीटी असतात, आणि रुग्णाला पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल किंवा हृदयाची पंपिंग क्षमता कमी असेल, तर ती शक्यता आणखी वाढते. शिवाय दोन चुकांची किंमत सारखी नाही. एसव्हीटीला व्हीटी समजून उपचार केले, तर रुग्णाचे सहसा फारसे बिघडत नाही. व्हीटीला एसव्हीटी समजून शिरेतून व्हेरापामिल दिले, तर रक्तदाब कोसळून हृदय थांबू शकते.

एक गैरसमज फार खोलवर रुजलेला आहे: रुग्ण बोलतो आहे, रक्तदाब ठीक आहे, म्हणजे ती व्हीटी नसावी. हा तर्क चुकीचा आहे. व्हीटी असलेला रुग्ण तासन् तास शुद्धीवर राहून गप्पा मारू शकतो. रक्तदाबावरून उपचाराची निकड ठरते, लयीचे निदान ठरत नाही.

पट्टीतल्या पुराव्यांपैकी सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे वरच्या आणि खालच्या कप्प्यांची फारकत. पी लाटा आपल्या संथ वेगाने चाललेल्या असतात, क्यूआरएस स्वतःच्या वेगवान चालीने चाललेले असतात आणि दोहोंचा एकमेकांशी काही संबंध नसतो. या पी लाटा क्यूआरएस आणि टी लाटांत (क्यूआरएसनंतर, खालचे कप्पे पूर्ववत होतानाच्या लाटा) दडलेल्या असतात, त्यामुळे टी लाटांच्या आकारात मधूनच पडणारे बारीकसे फरक, एखादा जास्तीचा उंचवटा किंवा खाच, यांकडे लक्ष द्यावे. कधी कधी वरून आलेली एखादी लहर नेमक्या क्षणी वाट मोकळी सापडून खाली उतरते आणि रुंद ठोक्यांच्या ओळीत अचानक एक अरुंद ठोका उमटतो. तो कॅप्चर बीट. वरची आणि खालची लहर एकाच वेळी भिडल्या, तर दोघांच्या मधल्या आकाराचा फ्यूजन बीट दिसतो. हे ठोके दिसले, तर निदान जवळपास निश्चित होते. दिसले नाहीत, तर मात्र व्हीटी नाही असे म्हणता येत नाही, कारण वेग जास्त असताना ते फार क्वचित सापडतात.

बारा लीडचा ईसीजी मिळाला, तर छातीवरच्या सहाही लीडमध्ये क्यूआरएस एकाच दिशेला, म्हणजे सगळे वर किंवा सगळे खाली, आहेत का ते पाहावे. सगळे खाली असतील, तर व्हीटीची शक्यता अतिशय बळकट होते. हृदयाचा विद्युत अक्ष उजवीकडे वरच्या बाजूला वळलेला असणे, एव्हीआर लीडमध्ये सुरुवातीलाच उंच आर लाट असणे आणि आर लाटेच्या आरंभापासून तिच्यामागोमाग खाली जाणाऱ्या एस लाटेच्या तळापर्यंतचे अंतर एखाद्या छातीच्या लीडमध्ये 0.1 सेकंदाहून अधिक असणे, हेही व्हीटीकडे बोट दाखवतात. रुग्णाचा जुना ईसीजी उपलब्ध असेल, तर तो जरूर काढावा. लय सामान्य असतानाही क्यूआरएस हुबेहूब असाच रुंद असेल, तर एसव्हीटीच्या बाजूने तो चांगला पुरावा आहे.

रुंद आणि अनियमित लय हा वेगळाच धोका आहे. ठोके अत्यंत वेगवान, कधी कधी मिनिटाला 200 च्या वर, अंतरे पूर्णपणे अनियमित आणि क्यूआरएसची रुंदी ठोक्यागणिक बदलणारी असेल, तर वुल्फ-पार्किन्सन-व्हाइट सिंड्रोममध्ये उद्भवलेल्या एट्रियल फिब्रिलेशनचा संशय घ्यावा. येथे लहरी एव्ही नोडला वळसा घालून जास्तीच्या वाटेने खाली येत असतात. एव्ही नोडला आवर घालणारी औषधे, म्हणजे ॲडेनोसिन, व्हेरापामिल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन, दिली तर ती जास्तीची वाट अधिकच मोकळी होऊन व्हीएफ होऊ शकते. अशा रुग्णाची प्रकृती ढासळत असेल, तर शॉक हाच उपाय. स्थिर असेल, तर प्रोकेनामाइडसारख्या औषधाचा विचार केला जातो.

टोरसाद द पॉइंत (व्हीटीचा एक पिळवटलेला प्रकार) ओळखताना लक्ष पट्टीच्या आधीच्या भागाकडेही द्यावे. क्यूआरएसची टोके मूळ रेषेभोवती पिळत जाऊन उंची वाढते, कमी होते आणि दिशा उलटते, हे वर्णन सर्वांना पाठ असते. पण त्याआधीच्या सामान्य ठोक्यांत क्यूटी अंतर (क्यूआरएसच्या आरंभापासून टी लाटेच्या शेवटापर्यंतचे) लांबलेले आहे, हेच तिचे खरे लक्षण आहे. वेगानुसार सुधारून घेतलेले क्यूटी 500 मिलिसेकंदांच्या वर गेले, की धोका लक्षणीय वाढतो. उपचारात शिरेतून 2 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, पोटॅशियमची भरपाई आणि क्यूटी लांबवणारी औषधे थांबवणे येते. सवयीने ॲमिओडॅरोन लावू नये, कारण तेही क्यूटी लांबवते. लय टिकून राहिली आणि नाडी गेली, तर सिंकविना, म्हणजे ठोक्याशी न जुळवता, शॉक द्यावा.

आणखी एक गोष्ट. लय रुंद आहे, पण वेग मात्र फार नाही, पी लाटा सपाट किंवा नाहीशा झाल्या आहेत आणि क्यूआरएस टी लाटेत मिसळून नागमोडी रेषा होत चालली आहे, असे दिसले, तर रक्तातले पोटॅशियम वाढले असल्याचा विचार आधी करावा, विशेषतः मूत्रपिंडाच्या आजारात किंवा डायलिसिस चुकलेल्या रुग्णात. येथे शिरेतून दिलेले कॅल्शियम जीव वाचवते. ते पोटॅशियम कमी करत नाही, फक्त हृदयपेशींच्या पटलाला काही काळ स्थैर्य देते. म्हणून इन्शुलिन आणि ग्लुकोज यांसारखे पुढचे उपचार त्याच्या पाठोपाठ चालू व्हायला हवेत.

उत्तर: वरिष्ठ परिचारिका, अतिदक्षता विभाग

खोट्या लाटांबद्दल मी सांगते, कारण खाटेजवळ सर्वांत आधी आपणच पोहोचतो.

रुग्णाला थंडी भरली, कंपवात असला, तो दात घासत असला, कुशीवर वळला किंवा कोणी इलेक्ट्रोडजवळ त्याची पाठ थोपटत असले, तर पडद्यावर हुबेहूब व्हीटी किंवा व्हीएफसारखी रेषा येते. अशी पट्टी छापून घ्यावी आणि त्या गदारोळात ठरावीक अंतरावर अरुंद, टोकदार क्यूआरएस चालत आलेले दिसतात का, ते शोधावे. गोंधळ सुरू होण्याआधीचे आर लाटांचे अंतर मोजून तेच अंतर पुढे टाकत जावे. खुणेच्या जागी दरवेळी टोक सापडले, तर मूळ लय शाबूत आहे. दुसरा आधार पल्स ऑक्सिमीटरच्या लाटेचा आणि धमनीतून रक्तदाब मोजणारी नळी असल्यास तिच्या लाटेचा. ईसीजीची रेषा वेडीवाकडी आहे आणि या लाटा मात्र पूर्वीच्याच वेगाने उमटत आहेत, म्हणजे रक्त पुढे जात आहे. तरीही या साऱ्याआधी रुग्णाला हाक मारून नाडी पाहायचीच. खऱ्या व्हीएफमध्ये रुग्ण काही सेकंदांतच बेशुद्ध होतो. तो आपल्याशी बोलत असेल, तर ती व्हीएफ नाही.

बोटाला लावलेल्या सेन्सरवर विसंबताना एक सांभाळावे. हातपाय गार पडलेल्या रुग्णात ती लाट मुळातच क्षीण असते, तेव्हा ती दिसत नाही यावरून निष्कर्ष काढू नये.

शॉकच्या तयारीत सिंकचे बटण हे आपले काम असते. नाडी असलेल्या व्हीटी, एसव्हीटी, फ्लटर किंवा एट्रियल फिब्रिलेशनमध्ये यंत्र प्रत्येक आर लाटेवर खूण दाखवत आहे, याची खात्री करूनच शॉक द्यायचा, नाहीतर तो टी लाटेवर पडून व्हीएफ होऊ शकते. अनेक यंत्रांत एका शॉकनंतर सिंक आपोआप बंद होते, म्हणून दुसऱ्या शॉकआधी ते पुन्हा चालू आहे का, हे पाहणे आवश्यक असते. उलट, व्हीएफमध्ये सिंक चुकून चालू राहिले, तर यंत्र आर लाटेची वाट पाहत राहते आणि शॉक सुटतच नाही.

लय बदलली की पट्टी छापण्याची सवय सर्वांना लावायला हवी, असे माझे ठाम मत आहे. औषध देताना किंवा श्वास रोखून जोर लावायला सांगताना पट्टी चालू ठेवावी, कारण लय ज्या क्षणी तुटते, त्या क्षणाच्या पट्टीतूनच पुष्कळदा निदान होते.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपणा सर्वांचे मनापासून आभार. दोन गोष्टी अजून विचारते. रुग्ण स्थिर असून लय रुंद आणि नियमित असेल, तर निदानासाठी ॲडेनोसिन देता येते, असे मी ऐकले आहे. वर तर त्याविषयी सावधगिरी सांगितली आहे. आणि मंद लयींचा भाग राहिला आहे, त्यावरही कोणी लिहावे.

उत्तर: हृदयरोगतज्ज्ञ

दोन्ही विधाने आपापल्या जागी बरोबर आहेत. लय नियमित असेल आणि सगळे क्यूआरएस एकसारखे असतील, तर स्थिर रुग्णात ॲडेनोसिन विचारात घेता येते. अनियमित किंवा ठोक्यागणिक आकार बदलणाऱ्या रुंद लयीत ते देऊ नये. देताना डिफिब्रिलेटर (शॉक देणारे यंत्र) शेजारी, पॅड लावलेले आणि पट्टी चालू हवी. औषधाचा प्रभाव काही सेकंदच टिकतो, म्हणून ते मोठ्या शिरेतून झटकन देऊन मागोमाग सलाइन सोडावे लागते, पहिल्यांदा 6 मिलिग्रॅम आणि गरज पडल्यास 12. ॲडेनोसिनने लय थांबली, एवढ्यावरून ती एसव्हीटीच होती असे छातीठोकपणे सांगता येत नाही, कारण काही थोड्या व्हीटीही त्याने थांबतात.

मंद लयीत केवळ आकडा पाहून घाबरू नये. झोपेत किंवा नियमित व्यायाम करणाऱ्या माणसात 45 चा वेग सामान्य असू शकतो. पट्टीत शोधायचे ते हे, की पी लाटांपैकी एखादी क्यूआरएसविना राहते आहे का आणि राहत असेल, तर त्याआधी पीआर अंतर (पी लाटेच्या आरंभापासून क्यूआरएसच्या आरंभापर्यंतचे) कसे वागत होते. पीआर ठोक्यागणिक लांबत जाऊन मग एक ठोका गळत असेल, तर तो मोबिट्झ 1. अडथळा बहुधा एव्ही नोडमध्येच असतो, आणि रुग्णाला त्रास नसेल, तर लक्ष ठेवणे पुरेसे असते. पीआर अंतर अगदी स्थिर असताना, कसलीही पूर्वसूचना न देता ठोका गळत असेल, तर तो मोबिट्झ 2. येथे रुग्ण आत्ता ठणठणीत दिसत असला, तरी डॉक्टरांना लगेच बोलवावे, कारण अडथळा नोडच्या खाली असतो आणि तो केव्हाही पूर्ण ब्लॉकमध्ये बदलू शकतो. पी लाटा आणि क्यूआरएस दोन्ही नियमित, पण एकमेकांशी संबंध नाही आणि क्यूआरएसचा वेग पीपेक्षा कमी, हा पूर्ण ब्लॉक.

दर दुसरी पी लाट गळत असेल, तर मात्र मोबिट्झ 1 की 2 हे त्या पट्टीवरून ठरवता येत नाही, कारण लांबत जाणारे पीआर दिसायला लागोपाठ दोन ठोके खाली यावे लागतात. अशा वेळी क्यूआरएस रुंद असेल, तर वाईट शक्यता गृहीत धरावी.

त्रास होत असलेल्या रुग्णात ॲट्रोपिन 1 मिलिग्रॅम देऊन दर तीन ते पाच मिनिटांनी, एकूण 3 मिलिग्रॅमपर्यंत, पुन्हा देतात. मोबिट्झ 2 आणि रुंद क्यूआरएसच्या पूर्ण ब्लॉकमध्ये त्याचा उपयोग होईलच असे नाही, म्हणून त्याच्या परिणामाची वाट पाहत पेसिंग (विजेच्या झटक्यांनी ठोके चालवणे) लांबवू नये. छातीवरून पेसिंग करताना प्रत्येक टोकदार खुणेमागे रुंद क्यूआरएस आणि त्यामागे टी लाट येते आहे का, हे पाहावे आणि मग मांडीतली नाडी लागते का ते पाहावे. मानेजवळची नाडी येथे फसवते, कारण विजेच्या झटक्याने स्नायू उडतात आणि बोटांना ती नाडीच वाटते.